सगुणाबाईंच्या शेजारची जागा

सगुणाबाई वाघचौरे गेल्याचा निरोप मला चिंचवड स्टेशनच्या पार्सल ऑफिसात मिळाला. पुण्याकडची सकाळची गाडी नुकतीच सुटली होती आणि मी पिंपरी कॅम्पातल्या एका व्यापाऱ्याच्या कापडाच्या गठ्ठ्यांवर नंबर घालत बसलो होतो. पाळकसाहेब स्वतः आले. सायकल भिंतीला टेकवली, टोपी काढली आणि म्हणाले, "शमुवेल, बाई पहाटे गेल्या. एस्तर म्हणते, आईला बाबांच्या शेजारी ठेवायचं. जागा तुम्हीच दाखवा. नव्या दफनभूमीतलं तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे?" मी मान हलवली. उरलेल्या गठ्ठ्यांवर नंबर घातले, ऑफिसला कुलूप लावलं, आणि जाऊन जागा दाखवली. याकोब वाघचौरे असं नाव कोरलेल्या दगडाच्या डाव्या अंगाला. खणणाऱ्यांनी मापं घेतली, मी दोरी धरली. त्या जागेविषयी मला आज लिहायचं आहे. बाईंविषयी लिहावं म्हणून बसलो, पण ती जागा बाजूला ठेवून बाईंविषयी काही लिहिता येत नाही.

बाई मूळच्या नगरकडच्या. नवरा रेल्वेत फिटर, म्हणून इकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. मी दौंडहून बदलून आलो त्याच्या आदल्या वर्षी याकोबराव विषमज्वराने गेले होते, त्यामुळे मी त्यांना कधी पाहिलं नाही. बाई प्राथमिक शाळेत शिकवायच्या आणि रविवारी आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या मुलांची शाब्बाथ शाळा घ्यायच्या. मंडळी म्हणजे तेव्हा पंचवीस-तीस घरं, कुणी रेल्वेत, कुणी खडकीला, कुणी दापोडीच्या वर्कशॉपात. देऊळ स्वतःचं नव्हतं, शाळेच्या एका वर्गात उपासना व्हायची. पण दफनभूमी होती, स्टेशनापलीकडच्या टेकाडावर, बाभळींच्या मधे. ईस्टरची पहाट आम्ही तिथेच करायचो.

ज्यांना ही चाल ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, आणि बाई मुलांना सांगायच्या तशीच सांगतो, कारण मला दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने ती कळलेली नाही. आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, शाळेच्या व्हरांड्यात बाई मुलांना घेऊन बसायच्या. समोर कंदील मांडलेले. मी मंडळीचा चिटणीस, म्हणून रॉकेल भरण्याचं काम माझ्याकडे. बाई म्हणायच्या, "शुक्रवारी येशूला वधस्तंभावर दिलं, संध्याकाळी घाईघाईने कबरेत ठेवलं. शनिवार म्हणजे त्यांचा शाब्बाथ, कुणी काही करायचं नाही. मग बायकांच्या जिवाला घोर. आपल्याकडे कुणी गेलं तर आपण न्हाऊ घालतो की नाही? त्याला तर धड कुणी अत्तरसुद्धा लावलं नव्हतं. म्हणून रविवारी अंधार असतानाच त्या सुगंधी मसाले घेऊन निघाल्या. आणि वाटेत एकमेकींना म्हणतात, अगं, तोंडावर एवढा मोठा दगड आहे, तो लोटणार कोण? बघा हं. दगड लोटायला कुणी नाही हे ठाऊक होतं, तरी निघाल्या. म्हणून आपणही अंधारातच निघायचं. घरी बसून उजाडायची वाट बघायची नाही."

"बाई, आपल्या आधी कोंबडा आरवला तर?"

"तर कोंबड्याला आधी कळलं म्हणायचं. तू त्याच्या आधी ऊठ."

"आणि बाई, ढग असले तर? सूर्य दिसला नाही तर?"

"तर तो ढगामागे उगवला. तुझी आई चुलीमागे असते तेव्हा घरी नसते का?"

मग पायांची गोष्ट यायची. आमच्याकडे कबर पूर्व-पश्चिम खणतात, डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला. का, हे बाई करून दाखवायला लावायच्या. एखादं पोर व्हरांड्यात आडवं पडायचं, डोळे मिटायचं, आणि बाईंनी टाळी वाजवली की उठून बसायचं. "काय दिसलं?" "सूर्य," असं म्हणायचं असायचं. एका वर्षी एकाने प्रामाणिकपणे सांगितलं, "शमुवेल काकांचं पोट," कारण मी कंदील घेऊन मधे उभा होतो. बाई पदर तोंडाला लावून हसल्या आणि मला म्हणाल्या, "भाऊ, सरका. पुनरुत्थानाला अडथळा होतोय."

पण बाईंची खास चाल होती ती हजेरीची. इतर ठिकाणी असं करतात की नाही, मला माहीत नाही, मी तरी पाहिलं नाही. टेकाडावर पोचलो की प्रत्येक घरातलं एक माणूस, शक्यतो मूल, आपापल्या कबरेच्या पायाशी कंदील घेऊन उभं राहायचं. आकाश जरा फिकट झालं की बाई तिथे निजलेल्यांची नावं एकामागून एक वाचायच्या, शाळेत वाचतात तशी. ज्याचं माणूस त्याने उत्तर द्यायचं, "निजला आहे," किंवा "निजली आहे." एवढंच. रडायचं नाही असा नियम होता. याकोबरावांचं नाव आलं की बाई स्वतःच वाचायच्या आणि स्वतःच उत्तर द्यायच्या, एस्तर शेजारी असली तरी. मग सगळे पूर्वेकडे तोंड करून गप्प. सूर्याची कड दिसली की पाळकसाहेब मोठ्याने म्हणायचे, "ख्रिस्त उठला आहे," आणि सगळ्यांनी, "खरोखर उठला आहे." कंदील विझवायचे, गाणी, आणि मग गुळाचा चहा नि बेकरीतले बटर. माझे वडील मी इथे आल्यावर तिसऱ्या वर्षी वारले. त्यांनाही तिथेच ठेवलं, आणि त्यानंतर हजेरीत माझंही उत्तर असायचं.

मग कारखाने यायला लागले. मोजणीवाले आले, टेकाडावर खुंट्या ठोकल्या, आणि मंडळीला कळवण्यात आलं की इथून रस्ता जाणार. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पवना नदीच्या बाजूला दुसरी जागा दिली, मुदत दिली, हलवण्याची परवानगी दिली. ज्याने त्याने आपापलं काम नीट केलं. माझं काम म्हणजे हलवण्यावर देखरेख. पाळकसाहेब त्या आठवड्यात नगरला परिषदेला गेले होते. घरच्या माणसांनी, त्यातून बायकामुलांनी, ते बघू नये असं पंचांनी ठरवलं, आणि ते सांगायला मी घरोघर गेलो. सगुणाबाईंना यायचं होतं. मी म्हणालो, "बाई, नका येऊ. बघवणार नाही." त्या म्हणाल्या, "तुम्ही आहात ना तिथे?" "आहे." "मग झालं." एवढं बोलून त्या वह्या तपासायला वळल्या.

चिंचवड गावातला किसन आणि त्याचा भाऊ खणायला होते. खोक्यांच्या फळ्यांच्या पेट्या करून घेतल्या होत्या. एकेक पेटी भरली की मी तिच्यावर नावाची चिठ्ठी डकवायचो. पार्सलवर डकवतो तशीच, पार्सलवर लिहितो त्याच कॉपिंग पेन्सिलीने, कारण आयुष्यभर तेच केलं होतं आणि दुसरं काही सुचलं नाही. ही पेन्सिल कोरड्या कागदावर करडी उठते, पाणी लागलं की जांभळी होते आणि पसरते. हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? ईस्टर चार दिवसांवर होता. नव्या जागेवर दगड बसवून त्यांना चुना द्यायचा होता, कारण ईस्टरच्या आदल्या दिवशी कबरी पांढऱ्या करायची रीत आहे. वेळ वाचावा म्हणून मीच किसनला म्हणालो, चुना इथेच विरव, पेट्यांच्या बाजूला, छपराखाली. त्याने पिंपात कळीचा चुना टाकून वर पाणी ओतलं. चुना फसफसला, उकळला, उडाला. मी बाहेर दगडांची नावं जुळवत होतो. आत आलो तेव्हा पुढच्या पेट्यांवरच्या चिठ्ठ्या म्हणजे नुसते जांभळे डाग झाले होते.

बहुतेक पेट्या मापावरून कळल्या. लहान मुलांच्या, एका म्हातारीची. दोन मात्र एकाच मापाच्या होत्या, दोन्ही पुरुषांच्या, दोन्हींवर डाग. एक माझे वडील, एक याकोबराव. किसन उकिडवा बसून दोन्हींकडे बघत होता. म्हणाला, "बाबू, बाईस्नी इचारा की येकदा. त्यास्नी ठावं असंल कायतरी. खूण बिण."

"काही विचारायचं नाही."

"न्हाई, पर..."

"किसन, काम कर."

विचारायला गेलो असतो तर शाळा काही लांब नव्हती. पण बाईंना सांगावं लागलं असतं की पेट्या मिसळल्या, आणि का मिसळल्या. तुम्ही आहात ना, मग झालं, असं त्या म्हणाल्या होत्या. मी एका पेटीची पायाकडची फळी उचलली. डाव्या मांडीचं हाड मधेच वाकडं होतं, मोडून तसंच सांधल्यासारखं. माझे वडील शेवटची काही वर्षं त्याच पायाने लंगडायचे. डॉक्टर संधिवात म्हणायचे, पण मी मनाशी म्हटलं, कधीतरी लहानपणी पडले असतील, मला काय ठाऊक. मला तेवढं पुरलं. दुसऱ्या बाजूची फळी उचलून तोंड पाहिलं असतं, दात पाहिले असते, तर चाळिशीतला माणूस कोण आणि सत्तरीतला कोण हे आंधळ्यालाही कळलं असतं. माझे हात तिकडे गेले नाहीत. घाबरलो होतो, आणि घाईत होतो. दोन्ही खरं आहे. वाकडं हाड असलेली पेटी मी वडिलांच्या दगडाखाली ठेवली, दुसरी याकोबरावांच्या. त्या ईस्टरला नव्या जागेवर हजेरी झाली. बाईंनी नेहमीप्रमाणे उत्तर दिलं, आणि नंतर चहा देताना मला म्हणाल्या, "भाऊ, तुमचे उपकार आहेत."

दोन वर्षं मी स्वतःला समजावत होतो की बरोबरच केलं असेल. तिसऱ्या वर्षी शनिवारी व्हरांड्यात बाई नेहमीप्रमाणे सांगत होत्या. मुलांत रत्ना नावाची एक मुलगी होती, सात-आठ वर्षांची, तापात एक पाय लुळा पडलेला. तिने विचारलं, "बाई, मी उठेन तेव्हा माझा पाय कसा असेल?"

बाईंनी तिला जवळ ओढलं. "कसा म्हणजे? सरळ. माझ्या नवऱ्याचा डावा पाय असाच वाकडा होता. पोरवयात चिंचेवरून पडले, गावच्या हाडवैद्याने बांधलं ते वाकडंच बसलं. जन्मभर लंगडले. लोक लंगडा फिटर म्हणायचे. पण उठतील तेव्हा दोन्ही पाय सारखे असतील. मी त्यांना सांगितलंय, माझ्या आधी उठलात तर धावत जाऊ नका, माझ्यासाठी थांबा."

"थांबतील?"

"शेजारीच असणार ना मी. हात धरीन की."

माझ्या हातातल्या कंदिलातून रॉकेल ओसंडून पायावर आलं. बाई म्हणाल्या, "भाऊ, लक्ष कुठंय?" मी म्हणालो, हात घसरला.

त्या दिवसापासून मला शंका राहिली नाही. माझ्या वडिलांच्या दगडाखाली याकोबराव आहेत, आणि याकोबरावांच्या दगडाखाली माझे वडील. त्यानंतरच्या प्रत्येक ईस्टरला मी याकोब वाघचौरेंच्या पायाशी उभा राहून माझ्या वडिलांचं नाव ऐकलं आणि "निजला आहे" म्हणालो. चार ओळी सोडून पलीकडे बाई माझ्या वडिलांच्या पायाशी उभ्या राहून आपल्या नवऱ्यासाठी तेच म्हणाल्या. मुलांच्या देखत. कुणी विचारेल, अरे, तुझेच तर वडील, नुकसान अर्धं तुझंही, मग सांगायला काय जड होतं? मीही स्वतःला हेच विचारत आलो आहे. एवढंच म्हणता येतं, की पहिल्या दिवशी जे सांगायला एक वाक्य पुरलं असतं, ते तिसऱ्या वर्षी सांगायला तीन वर्षांचा हिशेब द्यावा लागला असता, आणि दर वर्षी तो वाढत गेला.

एकदा गेलो होतो. गेल्या दिवाळीनंतर बाईंना जलोदर झाला आणि एस्तर, जी तळेगावला दवाखान्यात नर्स आहे, रजा घेऊन घरी आली. मी दुपारी गेलो. बाई भिंतीला उशी लावून बसल्या होत्या, चेहरा उतरलेला, पण बोलणं तेच. "या, चिटणीस. सलाम." मी म्हणालो, बाई, मला एक सांगायचं आहे. त्या म्हणाल्या, "सांगा." मी दफनभूमीचं आहे म्हणालो. त्यांनी लगेच हात वर केला. "ते माझं ठरलंय. एस्तरला सांगितलंय. मला घाई नाही आणि भीतीही नाही, शेजारी माणूस आहे माझं. हे एक तुम्ही माझं चांगलं केलंत, भाऊ." मग एस्तर चहा घेऊन आली. चहा प्यालो... आणि उठलो. तेव्हा त्यांना चार महिने होते. ऐकून त्यांनी मला घालवून दिलं असतं, पण पेटी उघडवून घेतली असती, आणि जागा बदलून मागितली असती. तेवढा वेळ होता.

बाई ईस्टरच्या तीन आठवडे आधी गेल्या. ज्या जागेसाठी मी दोरी धरली ती मी वर सांगितलीच आहे. आता त्या माझ्या वडिलांशेजारी आहेत. माझे वडील सज्जन होते, मराठी शाळेत मास्तर होते, पण बाईंनी त्यांना दोनदा-तीनदाच पाहिलं असेल.

यंदा हजेरी एस्तरने घेतली. आईच्या वहीतून घेतली, आणि शेवटी आईचं नाव तिने शाईने लिहिलेलं होतं. याकोबरावांचं नाव वाचलं, स्वतःच उत्तर दिलं. मग सगुणाबाई. उत्तर द्यायला तिला जमेना. रत्ना, आता मोठी झालेली, काठी टेकत पुढे गेली आणि म्हणाली, "निजली आहे." मग सूर्य आला, पाळकसाहेबांनी म्हणायचं ते म्हटलं, सगळ्यांनी उत्तर दिलं. माझ्या तोंडून शब्द निघाले नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. चहाच्या वेळी मी एस्तरला बाजूला बोलावलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पेन्सिल, चुना, हाड, रत्नाचा प्रश्न, दिवाळीनंतरची दुपार. तिने ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "काका, ती दुपार मला आठवते. तुम्ही गेल्यावर आई म्हणाली, भाऊ काहीतरी सांगायला आले होते, मीच बोलू दिलं नाही."

मला वाटलं ती रडेल किंवा शिव्या देईल. तिने कप खाली ठेवला आणि म्हणाली, "मला एकटीला सांगून कसं चालेल? आईने शिकवलेली मुलं खडकीत आहेत, नगरला आहेत, मुंबईत आहेत. सगळी त्या दगडाकडे बघून मोठी झाली. त्यांना सांगा. लिहा." म्हणून लिहितो आहे. माफीचं तिने काही म्हटलं नाही, मीही मागितली नाही.

कबरी उघडून अदलाबदल करावी असा अर्ज मी पंचांकडे दिला होता. नाही म्हणाले. पाळकसाहेबांनी घरी येऊन समजावलं की देवाला दगडावरचं नाव वाचून माणूस ओळखावा लागत नाही. ते मलाही मान्य आहे. पण बाई देवाला शोधायला हात पुढे करणार नव्हत्या, त्या हात पुढे करणार होत्या तो याकोबरावांसाठी. हे मी त्यांना बोललो. त्यांनी टोपी घातली आणि सायकल घेतली.

मग मी दुसरा अर्ज दिला. माझ्या वडिलांच्या दगडाशेजारी एक जागा माझ्यासाठी राखलेली होती. म्हणजे खरं पाहता ती याकोबरावांच्या शेजारची जागा, सगुणाबाईंची. मी लिहून दिलं की तिथे मला ठेवू नये, ती रिकामी राहू द्यावी. पहिली गोष्ट पंचांनी मान्य केली. दुसरी केली नाही. दफनभूमी लहान आहे, कारखान्यांमुळे मंडळी वाढते आहे, जागा अडवून ठेवता येत नाही. गेल्या पंधरवड्यात नव्याने आलेल्या एका जोडप्याचं बाळ गेलं, आठ दिवसांचं. जालन्याकडचं कुटुंब, इथे कुणी ओळखीचं नाही. बाळाला तिथे ठेवलं.

सगळे गेल्यावर त्याची आई दगडाजवळ थांबली होती. तिला वाचता येत नाही. तिने मला विचारलं, "दादा, शेजारी कोण हाय?" मी काही बोलायच्या आत कुणीतरी तिला सांगितलं, या बाबूंचे वडील आहेत, मास्तर होते, मुलांवर फार जीव. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मग बरं झालं. आजाजवळ हाय पोर." आणि मी मान हलवली.

हा लेख ती वाचू शकणार नाही. तिला जाऊन सांगावं लागेल. त्यांची खोली माझ्या घरापासून चौथी आहे, आणि मी अजून गेलेलो नाही.